आक्काच्या कपाळावरची पेन्सिल

आई, काल दुपारी आक्काची नात साताऱ्याला माझ्याकडे येऊन गेली. आक्का तुला आठवणारच. विहाराच्या मागं राहणारी, दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाणारी, उंच, सावळी, बोलताना एक हात कमरेवर ठेवणारी. ती गेली गं, या पावसाळ्यात. नात बँकेत नोकरीला आहे, शहरात वाढलेली पोर, पण आजीचं बोलणं सांगायला लागली की तोंडातून आजीच बोलते. म्हणाली, "आज्जी म्हणायची, माजं दोन फोटू हायत. एक माजा आन एक लोकांचा. माजा माज्या पेटीत हाय. लोकांचा फोटूवाल्यांच्या मास्तरीणबाईकडं असंल." तो लोकांचा फोटो तिला हवाय, विहारात लावायला. गावातली नवी माणसं म्हणतात म्हणे, असं काही झालंच नव्हतं, बायका आपापल्या गर्दीत पडल्या होत्या. मी म्हटलं, शोधून ठेवते. आणि ती परतल्यापासून पलंगाखालचे निगेटिव्हचे डबे बाहेर काढलेत आणि शोधायचं सोडून तुला लिहीत बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कामाच्या वक्ताला हिला बरोबर कागूद सुचतो." खरंय. तुला वाचायलाही वेळ लागायचा, ओठ हलवत एकेक शब्द जोडायचीस, म्हणून मी सावकाश लिहिते आहे.

डबा उघडला की अजून तोच वास येतो, आंबूस, औषधासारखा, आणि त्या वासाबरोबर आपल्या स्टुडिओची उत्तरेकडची खिडकी डोळ्यांपुढं उभी राहते. खिडकीशी तुझा उताराचा डेस्क. त्याला मधोमध चौकोनी भोक, खाली आरसा. उजेड आरशावर पडायचा आणि तिथून वर, निगेटिव्हमधून, तुझ्या हनुवटीवर. तू पदर कपाळाच्या पुढं ओढून घ्यायचीस, डोळ्यांत दुसरा उजेड नको म्हणून, आणि त्या पदराच्या अंधारात तासन्तास बसायचीस. लहानपणी मला वाटायचं, आई तिथं खाली कुठल्या तरी विहिरीत बघते आहे. हे काम तू औंधला आजोबांकडून शिकलीस. यमाईच्या जत्रेत ते फोटो काढायचे आणि तू चेहरे साफ करायचीस, परकर-पोलक्यात असल्यापासून. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. सुरकुती, तीळ, देवीचा व्रण तिथं मोकळ्या ठिपक्यासारखा दिसतो. तो अणकुचीदार पेन्सिलीनं बारीक बारीक रेघा मारून भरला की छापताना चेहरा नितळ येतो. लग्नानंतर इथं आण्णा फोटो काढायचे खरे, पण गावाला माहीत होतं की देखणं कोण करतं. लग्न ठरायचं असलं की मुलीची आई आण्णांना ओलांडून सरळ तुझ्यापाशी यायची आणि हळूच सांगायची, "वैनी, गालावरचं तेवढं बगा." तू बघायचीस. आपल्या काचेच्या कपाटात फौजदाराचा फोटो लावलेला होता, त्याच्या तोंडभर देवीचे व्रण होते आणि फोटोत एकही नव्हता. तो येता-जाता थांबून स्वतःकडे बघायचा. अख्खा तालुका तुझ्या पेन्सिलीखालून गेला होता म्हण ना.

त्या बाहत्तरच्या दुष्काळातला पुढचा उन्हाळा. मी मेढ्याच्या शाळेत शिकवायची, तिथून सुट्टीला आले होते. मेढ्याच्या डोंगरातून आपल्या गावात उतरलं की डोळे दुखायचे, इतकं सगळं पांढरं. रस्त्याच्या कामावरची धूळ झाडांवर, कौलांवर, माणसांच्या पापण्यांवर. बायका कामावरून परतायच्या तेव्हा लांबून वाटायचं पिठाची माणसं चालली आहेत. कामावर खायला सुकडी मिळायची, पण पाण्याचा टँकर यायचा तर यायचा. तान्ही पोरं खडीच्या ढिगाच्या सावलीला ठेवायची, आणि खडीच्या ढिगाला सावली ती किती. त्यातलं एक पोर गेलं. आक्काच्या शेजारणीचं. दुसऱ्या दिवशी कुणी कामावर गेलं नाही. सगळ्या बायका रिकामे हंडे-घागरी घेऊन कचेरीसमोर येऊन बसल्या. टँकर रोज यावा आणि पोरांसाठी छप्पर घालावं, एवढंच मागणं. घोषणासुद्धा धड नव्हत्या. मधूनच कुणीतरी घागरीवर बोटातल्या अंगठीनं ठोकायची, मग दुसरी, मग सगळ्या, आणि मग आपोआप थांबायचं. आपल्या माडीवरून मी आणि आण्णा बघत होतो. आण्णांनी कॅमेरा आणला होता. "एवढ्या बायका एका जाग्याला कवा बसल्यात? असू दे एक," म्हणाले. दुपार होती, हवा हलत नव्हती, आणि मला अजून आठवतं, मला झोप येत होती.

मग पोलीस कचेरीच्या दोन्ही बाजूंनी आले. काय बोलणं झालं ते वर ऐकू आलं नाही. एक शिट्टी ऐकू आली आणि लाठ्या वर गेलेल्या दिसल्या. आई, मी ते इतक्या वेळा मनात बघितलंय की आता त्याला आवाजच उरला नाही. फक्त हंडे गडगडत येताना ऐकू येतात, उतारावरून, आपल्या दारापर्यंत. बायका उठायच्या आत मार पडत होता, बसलेल्या अंगावर, पाठीवर, डोक्यावर धरलेल्या हातांवर. आक्का शेजारणीवर ओणवी झाली, म्हणून लाठी आक्काच्याच कपाळावर बसली. आण्णा एकामागून एक फोटो घेत होते आणि प्रत्येक वेळी पुटपुटत होते, "आरं काय करताय, आरं काय करताय." संध्याकाळी फौजदार स्वतः आला. चपला बाहेर काढून आला, तेही आठवतं. त्यानं कॅमेऱ्यातला रोल मागितला, आण्णांनी दिला नाही, तर त्यानं कॅमेरा उघडून रोल हातभर बाहेर ओढला आणि अंगणातल्या उरल्यासुरल्या उन्हात धरला. झालं. मग कपाटातल्या स्वतःच्या फोटोकडे बघून गेला. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या कागदावरून कळलं की बायकांनीच दगडफेक केली, एका शिपायाचं डोकं आक्कानं दगडानं फोडलं, आणि बायकांना लागलं ते त्यांच्याच चेंगराचेंगरीत. आक्कावर खटला भरला. जामिनावर सुटून आली तेव्हा ती आपल्या पायरीशी उभी राहून म्हणाली, "दीसभर दगुड फोडतोय आमी. मारायला हात उरतोय व्हय?"

आण्णांना तिथंच सुचलं. रोल गेला, पण अंगावरचे वळ कुठं जातात? म्हणाले, "आक्का, समद्यांस्नी घिऊन ये. उद्याच्याला. वळ काळं हायत तवर." आणि त्या आल्या. ती सकाळ मी कुणाला सांगते तेव्हा लोकांना वाटतं रडारड झाली असेल. तसं काही नव्हतं. बायकांनी केस विंचरले होते. बहुतेकींचा जन्मातला पहिला फोटो. एकीनं तुझ्याकडे पावडर मागितली आणि तू डबाच पुढं केलास. आण्णा मागचा रंगवलेला पडदा, तो तळं आणि हंसांचा, काढायला निघाले, तर आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की आण्णा. फोटू काडायचा तर नीट काडा." म्हणून तळ्याच्या काठी, हंसांच्या पुढं, एकेक बाई उभी राहिली. कुणी पाठ उघडी केली, कुणी सुजलेलं मनगट पुढं धरलं. आक्कानं फक्त कपाळावरचा पदर मागं सारला. भुवईपासून केसांपर्यंत उकललेलं, टाके घातलेलं, भोवती निळं-काळं झालेलं. ती कॅमेऱ्यात बघत होती, लग्नाच्या पोरी बघतात तशी, श्वास धरून.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण मला ते सांगायचंय. निगेटिव्ह धुऊन वाळत घातल्या आणि आण्णा सांगलीला छपाईचा कागद आणायला गेले, वकिलाला भेटले, मुक्काम पडला. मी माडीवर झोपा काढत होते. निगेटिव्ह वाळल्या की तुझ्या डेस्कवर यायच्या, हा आपल्या घरचा नेम. आल्या. तू पदर पुढं ओढून बसलीस. तुला कुणी सांगितलं नाही की यांना हात लावू नको, आणि कुणी सांगायला हवं होतं असंही कुणाला वाटलं नाही. आण्णा परतल्यावर डार्करूममध्ये छापायला बसले, मी शेजारी. तांबड्या दिव्याखाली औषधाच्या ताटात कागद पडला. आधी हंस आले. मग तळं. मग आक्काचे खांदे, हनुवटी, ते श्वास धरलेले डोळे. आम्ही दोघं कपाळाची वाट बघत वाकलो होतो. कपाळ आलं आणि ते नितळ होतं. नव्या नवरीचं असावं तसं. आण्णांनी दुसरा कागद घातला. ती उघडी पाठ आली, लोण्यासारखी. तिसरा घातला. मनगटावरची सूजसुद्धा तू सावलीत अशी मिसळून टाकली होतीस की वाटावं बांगड्या भरायलाच हात पुढं केलाय. एवढं सुंदर काम तू कधी केलं नव्हतंस. आण्णा ताटाशी तसेच बसून राहिले, कागद औषधात काळे पडेपर्यंत.

मी चिडले होते तुझ्यावर. उघड सांगते. बाहेर येऊन ओरडले, "आई, काय करून ठेवलंस हे." तू चपात्या लाटत होतीस. आधी तुला कळलंच नाही. मग म्हणालीस, "आगं, पयल्यांदा हुभ्या ऱ्हायल्या बिचाऱ्या. तसल्या तोंडानं कशा पाठवू?" आणि मग तुझ्या हातातलं लाटणं थांबलं. तुझा चेहरा मी तेव्हा बघितला आणि माझा राग जिथल्या तिथं विरला. तू तव्यावरची चपाती उतरवलीस, हात धुतलेस आणि डेस्कवर जाऊन टर्पेंटाइनची बाटली काढलीस. काडीला कापूस गुंडाळून एकेक निगेटिव्ह पुसायला लागलीस. मी तुझ्या मागं उभी होते. खालून उजेड येत होता आणि कापूस फिरेल तशी जखम पुन्हा उघडत होती. प्रत्येक बाईला तू परत मारल्यासारखं तुला वाटत असणार. कारण तू प्रत्येक वेळी "उगी, उगी" म्हणत होतीस. आक्काची निगेटिव्ह शेवटी घेतलीस. संध्याकाळपर्यंत सगळं जसंच्या तसं झालं. छापलं, वकिलाला दिलं, आम्हाला वाटलं, निभावलं.

पण फौजदाराला तुझा हात ठाऊक होता. स्वतःच्या तोंडावर त्यानं तो अनुभवला होता. कोर्टात सरकारी वकिलानं तुलाच बोलावून घेतलं. तू इरकल नेसून गेलीस, मी बरोबर. त्यानं तुझ्या हातात निगेटिव्ह दिली आणि विचारलं, याला तुम्ही पेन्सिल लावली होती का. आपल्या वकिलानं तुला आदल्या दिवशी बजावलं होतं की आठवत नाही म्हणा. तू निगेटिव्ह सवयीनं खिडकीकडे धरून बघितलीस आणि म्हणालीस, "व्हय. लावली हुती. मग पुसली." कोर्टात कुणीतरी हसलं. त्यानं विचारलं, खूण घालवता येते, तशी नसलेली खूण उमटवताही येते का. मी मनात म्हणत होते, नाही म्हण, आई, एवढं एक नाही म्हण. तू म्हणालीस, "येती. पर त्याला चाकूनं खरवडाय लागतं, साहेब. पेन्सिलीनं न्हाई हुयाचं. म्या चाकू लावल्याला न्हाई." पुढचं कुणी ऐकलंच नाही. येती, एवढंच लिहून घेतलं. फोटो बाद झाले, निगेटिव्ह परत आल्या. आक्काला शिक्षा झाली आणि सबंध पावसाळा ती आत राहिली. नेताना ती आपल्याकडे बघून नुसती मान हलवून गेली, आणि तू एसटीत बसल्यापासून घरी येईपर्यंत हात पदराखाली झाकून ठेवले होतेस.

त्यानंतर तू पेन्सिल सोडलीस. सगळ्या पेन्सिली फडक्यात बांधून कणगीमागं टाकल्यास. आण्णांनी समजावलं, मी सुट्टीत आले की भांडायची. कोर्टात खोटं बोलली असतीस तर आक्का सुटली असती, हे माझ्या मनात होतं आणि तुझ्या मनात त्याहून जास्त होतं, पण आपण ते कधी काढलं नाही. गावातल्या नवऱ्या मुलींचे फोटो तोंडावरच्या पुटकुळ्यांसकट यायला लागले. आया कुरकुरल्या. एकजण तर सरळ म्हणाली, "आवं वैनी, आमच्या पोरीनं काय घोडं मारलंय?" तू हसलीस, पण डेस्कवर बसली नाहीस. डेस्कवर तू पापड वाळत घालायला लागलीस. तुझ्या हातची पेन्सिल परत कुणी बघितली नाही, असंच मी काल दुपारपर्यंत सगळ्यांना सांगत आले.

काल आक्काच्या नातीनं पिशवीतून तो पेटीतला फोटो काढला, 'माजा' म्हणायची तो, नितळ कपाळाचा. मला वाटलं चुकून राहिलेली आधीची प्रत असेल, पहिल्यांदा तू भरलंस तेव्हाची. पण त्या तर आण्णांनी त्याच रात्री चुलीत घातल्या होत्या. मी विचारलं, हा कुठून आला. तिनं आजीकडून ऐकलेलं सांगितलं. तुरुंगातून सुटल्यावर आक्का भरदुपारी आपल्या स्टुडिओत आली होती. फोटोची ती एक सकाळ सोडली तर एरवी ती पायरीवरच थांबायची, कितीही म्हटलं तरी. त्या दिवशी आत आली आणि नवरा-नवरीच्या खुर्चीवर बसली. तू पाणी दिलंस, चहा दिलास, आणि समोर उभी राहिलीस. तर ती म्हणाली, "वैनी, कोर्टाचं काम झालं. आता माजं कपाळ भरा." तू म्हणालीस, मी सोडलंय. त्यावर ती म्हणे, "मला ठाव हाय. म्हनूनच आल्ये. माज्यापायी सोडलंसा, आता माज्यापायी एकडाव धरा." आणि तू धरलीस. आण्णांनी छापून दिला असणार, आणि तेही जाईपर्यंत मला काही बोलले नाहीत. तुम्ही तिघं मोठे आतल्या गाठीचे निघालात की गं.

नात गेल्यावर मी ती निगेटिव्ह शोधली. लिहायला बसायच्या आधीच सापडली होती, खोटं कशाला बोलू. तिसऱ्याच डब्यात, जुन्या पंचांगाच्या कागदात. खिडकीशी धरली. हंस, तळं, उलटी आक्का, पांढरे केस, काळा चेहरा, आणि भुवईपासून केसांपर्यंत तुझ्या रेघा. भिंगातून बघितल्या. जवसाएवढ्यासुद्धा नाहीत एकेक, सगळ्या एका बाजूला कललेल्या, एकीला लागून एक, पण एकीवर एक कुठंच नाही. तुझा स्वतःचा फोटो एक नाही आपल्याकडं, आई. आण्णांनी हजार वेळा म्हटलं, तू म्हणायचीस, मला कोण साफ करणार. तुझ्या हातचं पत्र नाही, सही नाही. पातळं वाटून टाकली, डेस्कला वाळवी लागली. तुझ्या हाताचं म्हणून जगात आता ह्या रेघा आहेत, आक्काच्या कपाळावर, आणि लोकांचा फोटो छापायचा तर त्या पुसायला हव्यात. मी संध्याकाळभर ती निगेटिव्ह मांडीवर ठेवून बसले. बाहेर शाळेची पोरं घरी चालली होती. मला वाटत होतं, तू मागं उभी आहेस आणि बघते आहेस की ही काय करते.

आज सकाळी उजेड चांगला होता. टर्पेंटाइन रंगवाल्याकडून मागून आणलं. काडीला कापूस गुंडाळला, पदर पुढं ओढला आणि पुसलं. तू पुसायचीस तसं, कडेकडून आत. जखम उघडत गेली आणि माझ्याही तोंडून तेच आलं, उगी, उगी. ती आता तशी आहे जशी त्या दिवशी होती, टाके, काळं-निळं, सगळं. उद्या इथल्या एखाद्या स्टुडिओत नेऊन मोठी छापून घेते. विहारात लागेल. कुणी म्हणालं की असं झालंच नव्हतं, तर त्याला ती भिंत दाखवतील.

आणि हे पत्र कुठं पाठवू म्हणून विचारशील, तर कुठंच नाही. त्याची पुडी केली आहे. कापसाचा बोळा टाकवला नाही गं. त्याला तुझं काळं लागलंय. तो या कागदात गुंडाळून तुझ्या पावडरीच्या डब्यात ठेवते आहे.